वामनरावांच्या पानावरची थंड कॉफी

व्हिएतनामला जाऊन आल्यावर ओळखीच्या चारचौघांनी विचारलं होतं, काही लिहिणार का? मी नाही म्हटलं. आठ दिवसांच्या सहलीत सगळ्यांना जे दिसतं तेच मलाही दिसलं होतं. पण त्या सहलीचं शेपूट लांबत लांबत आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत गेलं आणि यंदाच्या वैशाखात मला तिथे तीन दिवस काढावे लागले. हॅनोईत चारी बाजूंनी अंगावर येणाऱ्या दुचाक्यांमधून रस्ता ओलांडतानाही मी एवढा जीव मुठीत धरला नव्हता. म्हणून लिहायचंच तर बेला या बाजारगावाजवळच्या त्या गावाचं लिहितो.

आधी माणसं सांगतो. शकूताई माझी मोठी बहीण. आम्ही पांढरकवड्याचे. तिला पैनगंगेपलीकडे दिली, म्हणजे आताच्या तेलंगणात. सीमेवरच्या त्या गावांत घरोघरी मराठी, शेतात कापूस आणि ज्वारी, त्यामुळे परक्या राज्यात गेलो असं तिला कधी वाटलं नाही. मी नोकरीसाठी नाशिकला गेलो, एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आणि निवृत्त झालो. ताईचे यजमान वामनराव गेल्या वर्षी माघात दोन दिवसांच्या दुखण्याने गेले.

व्हिएतनामची हौस मूळ त्यांचीच. नागपूरच्या एका सहलवाल्याकडे त्यांनी दोघांची नावं दिली होती. ते गेल्यावर ताईची मुलगी, जी हैदराबादला नोकरी करते, हट्टाला पेटली. "आई, तू जा. मामाला घेऊन जा." ताई चार महिने नाही म्हणत राहिली आणि दिवाळीनंतर एकदम हो म्हणाली. वामनरावांना जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. त्या गावात वर्ष भरेपर्यंत सुतकाच्या घरातून कुणी हौसेच्या प्रवासाला जात नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते गुलाबरावांना. वामनरावांचे लहानपणापासूनचे मित्र, दोन वर्षांनी धाकटे. या माणसाने वामनरावांसाठी वर्षभर गोड खाल्लं नाही, नवा कपडा अंगाला लावला नाही. सख्खा भाऊही एवढं पाळत नाही. ताई परत आली त्या आठवड्यात ते पारावर चारचौघांत म्हणाले, "वर्ष नाई भरलं अन् वहिनी विमानात बसल्या." तेव्हापासून त्यांनी ताईचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्यांचं पाहून अर्ध्या गावाने येणं-जाणं कमी केलं. मला त्यांचा राग यायचा. त्यांनी पाळलेलं ते वर्ष आठवलं की राग धड पूर्णही व्हायचा नाही.

आता कॉफी. वामनराव कॉलेजला हैदराबादला होते, तिथून कॉफीची सवय घेऊन आले. चहाच्या गावात एकटा कॉफी पिणारा माणूस. सकाळी घट्ट कॉफी करायची, मूठभर साखर, स्टीलच्या बाटलीत भरून शेतात न्यायची आणि दुपारी पार निवल्यावर प्यायची. ताई जन्मभर चिडवत आली, "लोकायचा चहा थंडा झाला त लोक फेकून देतेत. हे थंडा व्हाची वाट पाह्यतेत."

हॅनोईच्या एका फूटपाथवर, मुलांच्या शाळेत असतात तसल्या बुटक्या स्टुलांवर आम्ही बसलो होतो. दुकानातल्या बाईने ग्लासाच्या तळाशी घट्ट गोड दूध ओतलं, वर ॲल्युमिनियमची वाटीएवढी गाळणी ठेवली. थेंब थेंब काळी कॉफी उतरली, मग ढवळून बर्फावर. ताईने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "दिन्या," ती म्हणाली, "हे त यायचीच कॉफी हाय रे. बरफ तेवढा नोता." यायची म्हणजे यांची, वामनरावांची; नवऱ्याचं नाव ती घेत नाही. त्या संध्याकाळी तिने तसली गाळणी विकत घेतली. संपूर्ण सहलीत तिने स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू.

आणि चैत्र संपता संपता तिचा फोन आला. "आखजीले ये. अक्षता तुलेच न्या लागतीन."

आदिलाबाद

आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. नाशिकला आम्ही त्या दिवशी आमरस-पुरी खातो आणि दुपारी झोपतो. ताईच्या सासरी तो पितरांचा दिवस. वर्ष उलटल्यावर येणाऱ्या पहिल्या आखजीला मेलेल्या माणसाला पितरांत बसवतात. म्हणजे पाण्याने भरलेली नवी घागर पुजतात आणि त्या माणसाच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. बसणारा भावकीतला चालत नाही, मैतर असावा लागतो. आदल्या दिवशी मेलेल्याच्या बायकोच्या भावाने त्या मैतराच्या उंबरठ्यावर अक्षता ठेवायच्या. ठेवणाऱ्याने काही बोलायचं नाही, त्यानेही हो-नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर यायच्या आत तो येतो, किंवा येत नाही. नाही आला तर ते पान गाईला जातं आणि मेलेला माणूस आणखी एक वर्ष दाराबाहेर राहतो, असं तिथे मानतात. कुणासाठी कुणी आलंच नाही, असं झाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

वामनरावांच्या जागी बसायला गुलाबरावांखेरीज दुसरं कोण?

नागपूरहून बसने निघालो. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, बाकी बदलत काही नाही. काळी नांगरलेली रानं, बांधावर रचलेल्या वाळक्या कापूसझाडांच्या, म्हणजे पऱ्हाट्यांच्या गंजी, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला गेल्या हंगामातला कापूस. खिडकीची दांडी हात लावू देत नव्हती, इतकी तापलेली.

पिशवीत ताईसाठी घट्ट गोड दुधाचे दोन डबे होते. कॉफीची पूड मात्र नव्हती, कारण हॅनोईहून आणलेली मी नाशिकला बसून एकट्याने संपवली होती. आदिलाबादच्या बसस्थानकामागे एका तेलुगू दुकानदाराकडे ती मागितली.

"चिकोरी मिलाके हैच साब. खाली कॉफी हमारे पास नै आती."

"बरफ कहां मिलेगा?" मी विचारलं.

तो हसला. "आखातीज कू बरफ? पूरे शादियां हैं साब. बरफ तो कबका बुक हो गया."

बेल्याच्या बसमध्ये बसलो तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. ताईने फोनवर सांगितलं होतं की पानावर ती थंड कॉफी ठेवणार आहे. यायले आवडे म्हनून. मला वाटत होतं, गाडी त्या कॉफीवरच अडणार.

संध्याकाळी ताईने भाकर, झुणका आणि कैरीचा ठेचा वाढला. कपाळाला घाम आणि डोळ्यांत पाणी एकदमच आलं. मग कॉफीची रंगीत तालीम. गाळणीत दोन चमचे पूड, वरची जाळी दाबून बसवली, उकळतं पाणी ओतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक थेंब पडेना. चिकोरी फुगून तिचा चिखल झाला होता.

"तीस वर्षं काय करत होता रे तू थ्या प्रयोगशाळेत?" ताई म्हणाली.

तिसऱ्या वेळी जमलं. पूड एकच चमचा, जाळी दाबायची नाही, नुसती ठेवायची, आधी दोन चमचे पाणी टाकून पूड भिजू द्यायची आणि मग उरलेलं. कुणाला घरी करायची असेल तर हे ध्यानात ठेवा. दुधाचे डबे मात्र ताईने बाजूला सारले. "डब्यातलं दूध पितराले नाई चालत. दूध मी घरीच आटवीन."

गुलाबरावांचा उंबरठा

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फासाठी बेल्याला गेलो. ताईच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याचं दार लागत नाही, त्यात पाणी नुसतं गार होतं. दोन तास फिरलो आणि शेवटी एकाने थर्मोकोलच्या खोक्यातून मोठा तुकडा काढून दिला. गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन, पँट ओली करत मी तो ऑटोतून घरी आणला. ताईने गोणपाट उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"दिन्या, हा मासोयीचा बरफ हाय."

"धुऊन घेऊ."

"पितराच्या ग्लासात? तुले अक्कल हाय का?"

बर्फ शेवग्याच्या बुंध्याशी गेला. मी उगाच हसलो, ती हसली नाही. दुपारभर ती कुरड्या तळायच्या आहेत, चिंचवणीची चिंच भिजवायची आहे असं काहीबाही बोलत होती. गुलाबरावांचं नाव मात्र तिने एकदाही काढलं नाही. चारच्या सुमाराला तिने वाटीत कुंकवात भिजवलेल्या अक्षता दिल्या. "ठेवजो अन् परत येजो. बोलू नको काई."

गुलाबरावांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. ते ओसरीवर बाजेला दोरी ओवत बसले होते. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशा, अंगात बाहीला ठिगळ असलेला सदरा. मी उंबरठ्यावर अक्षता ठेवल्या. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा दोरी ओढायला लागले.

तिथून निघायचं होतं. एवढंच काम होतं माझं. पण तीस वर्षं परीक्षानळ्या धुता धुता विद्यार्थ्यांना समजावून सांगायची खोड. मला वाटलं, माणूस अवघडलाय, जरा सोपं करून द्यावं.

"या हं उद्या," मी म्हणालो. "ताई थंड कॉफी करतेय, बर्फ घालून. व्हिएतनामला शिकून आलीय. एकदा पिऊन तर पाहा."

दोरी थांबली. त्यांनी मान वर केली तेव्हा माझं मलाच कळलं काय झालं ते.

"पाव्हने," ते अगदी हळू म्हणाले, "तुमी वामनले बोलावून राह्यले का मले?"

मी एक पाऊल मागे सरलो.

"पितराले लालूच दाखोतेत का जी तुमच्या नाशकात?"

ते उठून आत गेले. अक्षता उंबरठ्यावर तशाच होत्या. उचलून घेतल्या तर येणार, असंही काही नसतं म्हणतात, पण मी कितीतरी वेळ त्या दाण्यांकडे पाहत उभा राहिलो. परतीच्या तीन गल्ल्यांत मला माझी इतकी लाज वाटली की पाराजवळ बसलेल्या एकाने "ठेवल्या का अक्षता?" विचारलं तर मी नुसती मान हलवली.

"काई बोलले का?" ताईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं, आणि तिला ते दिसलं असावं. पण ती घागरीला गेरू लावत होती, ती तो लावत राहिली.

आटवलेलं दूध

आखजीच्या सकाळी सहालाच ताईने चूल पेटवली. दोन लिटर दूध, त्यात साखर. मंद आच, उलथनं सतत फिरतं ठेवायचं. घट्ट व्हायला हवं, पण बासुंदीसारखं रवाळ नको आणि खव्याच्या वाटेला तर मुळीच जायला नको. उलथन्यावरून दूध धारेने न पडता पट्टीसारखं ओघळलं की उतरवायचं. मी समोर पाटावर बसलो होतो. रात्रभर धड झोप नव्हती. शेवटी मला राहवेना.

"ताई, मी बोललो काल."

"काय बोल्ला?"

मी सगळं सांगितलं. लालूच या शब्दासकट. तिचं उलथनं थांबलं. ती चुलीकडे पाहत होती, पण तिला चूल दिसत नव्हती. दुधाने तळ धरल्याचा वास आला तेव्हा मीच ओरडलो. तिने पातेलं खाली घेतलं, वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं, वाकून वास पाहिला.

"लागलं नाई अजून," ती म्हणाली. मग पातेल्याकडे पाहूनच म्हणाली, "मले त वाटत होतं, माह्यावर राग हाय तरी यायच्यासाठी येतीन. आता काय मालूम."

"कॉफी नको ठेवूस मग. साधं पान वाढ. तो कॉफीचा विषयच नको."

त्यावर ती माझ्याकडे वळली. इतकी चिडलेली मी तिला वामनराव गेल्यापासून पाहिली नव्हती. "काऊन नको? गुलाबभाऊजीले बोलवाले करून राह्यली का मी? यायले आवडे म्हनून करून राह्यली. तेथं बसून पेली, तवा यायच्याशिवाय पेली. आज यायले द्याची हाय. कोनी येवो का न येवो."

आता बर्फ. शेजारच्या सुमनबाईकडे मोठा फ्रिज आहे. दिवाळीनंतर त्या घरी ताईने काही मागितलं नव्हतं आणि तिकडूनही वाटी आली नव्हती. ताई स्टीलचा डबा घेऊन कुंपणापाशी गेली. मी दारातून ऐकत होतो.

"सुमनबाई, बरफ हाय का? पानावर पायजे."

सुमनबाई आत गेली, डबा भरून टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. "येतेत का गुलाबभाऊ?" तिने विचारलं.

"मालूम नाई."

"डबा टॉवेलातच ठेवजा," सुमनबाई म्हणाली. "ऊन लय हाय."

पान

दहापर्यंत सगळं तयार होतं. गेरूने रंगवलेली घागर, तिच्या तोंडावर आंबा, पाट, पाटासमोर पळसाची पत्रावळ. पुरणपोळी, चिंचवणी, कुरड्या, उडदाचे वडे. पितर जेवेपर्यंत घरच्यांनी काही खायचं नसतं. ताई उंबरठ्याच्या आत उभी राहिली. मी पडवीत येरझारा घालत होतो आणि दर पाच मिनिटांनी डब्याचा टॉवेल उघडून पाहत होतो.

"उघडू नको वारंवार," ताई म्हणाली. "तुह्या पाहन्यानंच पाघळून राह्यला थो."

साडेदहा. अकरा. रस्त्यावर कुणी नव्हतं, पण समोरच्या घरांच्या दारांत बाया उभ्या असल्याचं कळत होतं. दुसरीकडे कुठे तरी लग्नाचा बँड वाजत होता. डब्यातला बर्फ निम्मा पाणी झाला होता. मी मनात गुलाबरावांना शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. पावणेबाराला ताईने पदर खोचला. "गाईले सोड," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. मी गोठ्याकडे वळलो आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

गुलाबराव आले होते. धुतलेलं धोतर, वरती तोच ठिगळाचा सदरा. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. घातलं की त्या घरच्या रीतीप्रमाणे तो माणूस गुलाबराव राहत नाही. जेवून फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. बाई त्याच्याशी बोलली तर नवऱ्याशी बोलल्यासारखी बोलते आणि त्याने दिलेलं उत्तर मेलेल्या माणसाचंच मानतात.

ते पाटावर बसले. मी आत जाऊन कॉफी उतरवली. थेंब नीट पडले. तळाशी आटवलेलं दूध, त्यावर काळी कॉफी, ढवळून उरलेल्या बर्फावर. ताईने ग्लास पानाच्या उजव्या अंगाला ठेवला.

ते जेवले. पोळी, चिंचवणी, एक वडा, परत चिंचवणी. ग्लासाला बाहेरून घाम फुटला, थेंब खाली जमिनीवर उतरले. बर्फाचे खडे लहान होत गेले. पान संपत आलं तरी त्यांचा हात ग्लासाकडे जाईना. पितराने पानावर काही ठेवलं तर ते त्याने नाकारलं, असा अर्थ होतो. त्यांनी शेवटचा घास घेतला आणि उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकवला.

ताई पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा करून पानाशेजारी बसली.

"ऐकून राह्यले का," ती म्हणाली.

त्यांचा हात जमिनीवरच राहिला.

"मी गेल्ती. वर्ष भरलं नोतं. तुमाले इचारता आलं नाई, म्हनून आज सांगून राह्यली. गावाले राग आला. तुमाले बी आला असन त बोला मले. पन असं मुक्यानं उठून जाऊ नका."

गुलाबरावांची मान खाली. मिशीवर घाम. खोटं बोलायची सोय त्यांना नव्हती, कारण बोलणार ते वामनरावांच्या तोंडाने. आणि वामनरावांना त्यांच्याइतकं कोण ओळखत होतं?

"पासपोटाचे फोटो काढाले," ते म्हणाले, "तुले आदलाबादले कोन घेऊन गेल्तं?"

जन्मभर ते तिला वहिनी आणि तुमी म्हणत आले होते. ताईने मान वर केली.

"तुमीच नेलं."

"तू नाई म्हने, तवा कोन रागावलं होतं?"

"तुमीच."

"मंग मले काऊन इचारतं?" त्यांनी टेकवलेला हात जमिनीवरून उचलला. "मीच त म्हनलं होतं, जाऊ."

त्यांनी ग्लास उचलला. एका दमात नाही, हळूहळू, मध्ये थांबत, तळाचं दूध बोटाने हलवून घेत पूर्ण प्यायले. रिकामा ग्लास पानावर उपडा ठेवला. मी मोरीवर त्यांच्या हातांवर पाणी घातलं, त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, चपला घातल्या आणि निघाले. जाणाऱ्या पितराला कुणी "या" म्हणत नाही. आम्ही म्हणालो नाही. फाटकाची कडी वाजली.

"झालं गं ताई!" मी जवळजवळ ओरडलो. "प्यायले!"

ती पानासमोरच बसून होती. तिच्या चेहऱ्यावर मला हवा होता तो आनंद नव्हता.

"यायनं पेली," ती म्हणाली. "गुलाबभाऊजी कुठं आले अजून?"

मला ते आधी समजलं नाही. मग समजलं. मेलेल्या माणसाने तिला माफ केलं होतं. जिवंत माणसाने मित्राचं देणं चुकतं केलं आणि तो निघून गेला होता. उद्यापासून तो पुन्हा पारावर बसेल, तिच्या दारावरून जाताना मान खाली घालून जाईल, आणि त्यात रीतीचं काहीच चुकलेलं नसेल. ताईने पत्रावळ उचलली, घडी केली. मी चूल विझवायला गेलो.

तेव्हा पडवीतून खाकरल्याचा आवाज आला.

गुलाबराव चपला काढून बाजेवर बसले होते, कुणीही पाहुणा बसतो तसे. फाटकापर्यंत जाऊन आले, की गल्लीच्या टोकापर्यंत, मला माहीत नाही. ताई दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "मले बी द्या एक ग्लास."

"बरफ सरला, भाऊजी."

"सरला त सरला. तशीच द्या."

मी परत गाळणी मांडली. दूध भांड्याच्या कडेचं खरवडून घेतलं. चुलीत फुंकून पाणी उकळलं. ताईने ग्लास नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास गुडघ्यावर टेकवला.

"तिकडं," ते म्हणाले, "पराटी पेरतेत का?"

ताई उंबरठ्यावर खाली बसली. "नाई भाऊजी. धानच धान. गुडघाभर चिखल, अन् बाया अशा वाकून राह्यतेत…" तिने हाताने दाखवलं. सहा महिने झाले होते तिला परत येऊन, आणि त्या गावात कुणी तिला तिकडचं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ती बोलायला लागली आणि सुमनबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली तरी थांबली नाही. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, म्हणून मी आत जाऊन तिचं ताट वाढलं आणि तिथेच तिच्यासमोर आणून ठेवलं.